मोहाच्या रकान्यातलं शून्य

आमच्या शाळेच्या गुणांच्या वहीत 'मो' असं एक अक्षर असायचं. मार्च सरत आला की जंगलातल्या गावांची मुलं आयांसोबत पहाटेच मोहफुलं वेचायला जात आणि शेवटची चाचणी नेमकी तेव्हाच येई. जुने शिक्षक त्या रकान्यात 'मो' लिहीत आणि उरलेल्या तीन चाचण्यांची सरासरी धरत. असा नियम कुठं छापलेला नव्हता, पण सगळे तो पाळत.

मी नागभीडची. मोहाचं मला कोणी शिकवायला नको होतं. संगणकावर गुण भरायचं काम आलं तेव्हा मीच पुढे झाले, आणि तोराही होता मला त्याचा. चाचण्यांना चाळीस टक्के, सत्र परीक्षांना साठ, असा भार एकदा ठरवून दिला की बेरीज आणि क्रमांक आपोआप निघत. बाकीचे शिक्षक कॅलक्युलेटर बडवत बसत आणि मी चहा पीत त्यांना चिडवत असे.

फक्त 'मो' काही त्या रकान्यात बसेना. तिथं आकडाच हवा. रिकामा ठेवला की रकाना लाल व्हायचा. तो लाल रंग डोळ्यांना खुपायला लागला म्हणून मी तात्पुरतं शून्य टाकलं. मोहाला गेलेल्या मुलांपुरती ती चाचणी नंतर वगळू, असं ठरवलं आणि साफ विसरले.

आठवीत एक मुलगी होती, दोन वर्षं वर्गात पहिली येणारी. आमची शाळा आठवीपर्यंतच. पुढे वडशाला मुलींच्या वसतिगृहात आम्हाला दोन जागा मिळत आणि त्या वर्षभराच्या गुणांवर ठरत. मोहाला जाण्याआधी ती मुद्दाम विचारायला आली होती, चाचणी बुडली तर जागा जाईल का म्हणून. मी म्हणाले, "जा बिनधास्त. तुझं काही बुडत नाही."

यादीत ती चौथी आली. तळ्याकाठच्या, मोहाला न जाणाऱ्या गावातल्या दोघींना जागा मिळाल्या. त्याही हुशार होत्या, त्यांचा काही दोष नाही. मला नवल वाटलं, पण यंत्र कशाला खोटं बोलेल, असं म्हणत मी सही ठोकली.

शून्यं दिसली ती जूनमध्ये, नव्या वर्गाची नावं भरताना. बैल गेला अन् झोपा केला, दुसरं काय! चाचणी वगळून पाहिली तर ती पुन्हा पहिली. तशीच उठून मुख्याध्यापकांकडे गेले. ते म्हणाले, आता वसतिगृहात राहायला गेलेल्या दोघींपैकी एकीला परत आणायचं का, राहू द्या. मला सुटल्यासारखं वाटलं. चूक एक वेळ समजू शकते, पण ते सुटल्यासारखं वाटणं मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

मुलगी नाल्यापलीकडच्या शाळेत नववीला बसली. पावसाळ्यात वाट बंद व्हायची. दिवाळीनंतर तिची शाळा सुटली ती सुटलीच. एकदा बाजारात भेटली तर तिनंच माझी तब्येत विचारली. मी नको असलेली दोन किलो वांगी घेतली आणि घरी आले. खरं सांगायला तोंड उघडलं नाही.

या मार्चमध्ये, त्या यादीनंतर तिसऱ्या वर्षी, मोह गळायला लागला आणि सातवीचा वर्ग निम्म्याहून रिकामा झाला. जंगलातल्या गावांपैकी एकच पोर बाकावर होती, त्या मुलीची धाकटी बहीण. चाचणीचा पेपर ती सगळ्यांच्या आधी सोडवून बसली होती. सुट्टीत मी तिला विचारलं, आईसोबत का नाही गेलीस.

"ताईनं नाई जाऊ देल्लं, बाई. ताई म्हंते, मोहाले गेलं का नंबर जाते."

तीन वर्षं ती मुलगी स्वतःलाच दोष देत होती, आणि आता तेच बहिणीला शिकवत होती. मी तिच्या शेजारी बाकावर बसले आणि शून्याची सगळी गोष्ट तिला सांगितली. म्हणाले, "तुझ्या ताईचा नंबर मोहानं नाही गेला. माझ्यानं गेला."

तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. रागावली नाही. पेनला टोपण लावत तिनं विचारलं, "मंग हे ताईले काऊन नाई सांगतलं, बाई?"