हवेवर उभी गाडी

गुणवंत सोनटक्के यांची गाड्यांची पारख कानाने चालायची. जबलपूरच्या रांझी भागातल्या ट्रक बनवणाऱ्या फॅक्टरीत त्यांनी सगळी नोकरी काढली. टेस्टिंगच्या मैदानावर ते डोळे मिटून उभे राहायचे आणि समोरून येणाऱ्या ट्रकचं कुठे दुखतं ते आवाजावरून ओळखायचे. रिटायर झाल्यावर माणसं बागकाम करतात, तीर्थाला जातात. ह्यांनी घरापुढे पत्र्याची शेड टाकली आणि ओळखीच्या लोकांच्या गाड्या खाली झोपून बघायला लागले. इंजिन बंद असलं की गाडी मेली आणि मेलेली गाडी कोणाला चावत नाही, असं ते छाती ठोकून सांगायचे. बायको प्रमोदिनी हे ऐकलं की देवाकडे बघून हात जोडायची, कारण घरात असलं बोलणं तिला सोसायचं नाही.

पुतण्या देवदत्तने पार्सलं पोचवायला विजेवर चालणारी व्हॅन घेतली, आणि गुणवंतरावांच्या कानाला कामच उरलं नाही. ती गाडी फाटकातून आत आली तरी कळायचं नाही. मागच्या चाकांवर धक्के सोसणारे लोखंडी पाटेही नव्हते. त्यांच्या जागी दोन्ही बाजूंना जाड रबराचा एकेक फुगा, आत हवा दाबून भरलेली. मेकॅनिक लोक त्याला बलून म्हणतात. माल चढला की गाडी स्वतःच पंप चालवून बलूनमध्ये हवा भरायची, माल उतरला की तेवढी सोडून द्यायची.

"हवेवर काय गाडी उभी करतात?" गुणवंतराव नाक मुरडून म्हणाले होते. "अन् हवा केव्हा भरायची ते बी तिचं तीच ठरवते. मग आपण काहून पाहिजे?"

देवदत्त हसला होता. प्रमोदिनी हसली नव्हती. तिला ती गाडी पहिल्या दिवसापासून आवडली नव्हती, आणि काहून आवडली नाही हे तिला सांगता यायचं नाही.

विश्वकर्मा पूजेच्या दिवशी सकाळी गाडी आली ती डाव्या कुशीवर कललेली. पाटनहून परतताना एका खड्ड्यात डाव्या बाजूचं बलून फाटलं होतं. त्या रबराला चिरा पडल्याचं देवदत्तला महिनाभर ठाऊक होतं. नागपूरहून नवीन बलून आणून त्याने गाडीतच ठेवलं होतं, बसवायला सवड मिळाली नव्हती. आता मागे शहपुऱ्याचा माल ठासून भरलेला होता. आज तो पोचला नाही तर हा रस्ता दुसऱ्या कोणाला देऊ, असं डेपोतून दोनदा फोनवर ऐकवून झालं होतं.

"काका, आज सगळे मेकॅनिक बंद आहेत," देवदत्त म्हणाला. "तुम्हीच बघा ना, प्लीज."

बंद असणारच. जबलपुरात त्या दिवशी फॅक्टऱ्यांपासून पंक्चरच्या टपरीपर्यंत सगळीकडे हत्यारं धुऊनपुसून देवापुढे मांडतात, हळदकुंकू लावतात आणि दुसऱ्या सकाळपर्यंत हलवत नाहीत. गुणवंतरावांचीही मांडली होती. शेडच्या कोपऱ्यातल्या चौरंगाभोवती नट आवळायचे पाने, हातोडे, मोठा जॅक आणि गाडी उचलल्यावर तिच्या पोटाला टेकू देतात त्या लोखंडी घोड्या, सगळं झेंडूच्या फुलांखाली होतं. फॅक्टरीत असताना साहेबाने सांगूनही त्यांनी त्या दिवशी हत्याराला हात लावला नव्हता. आता म्हातारपणी काय मोडणार?

पण पुतण्याचं तोंड बघवत नव्हतं. गुणवंतरावांनी मग एक पळवाट काढली. हत्यारं उचलायची नाहीत हा नियम त्यांनी पाळला. काम करायचं नाही, जे त्या नियमाचं मूळ, ते सोडून दिलं. गाडीतच एक छोटा जॅक आणि पान्यांची पिशवी होती. ती पूजेत नव्हती, म्हणजे ती चालते. घोड्यांच्या जागी त्यांनी भिंतीच्या कामातल्या उरलेल्या विटा रचल्या.

"अहो, घोड्या घ्या ना," प्रमोदिनी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "देव काही रागावून नाही राहिला."

"पूजा मोडायची नाही. अन् गाडी मेलेलीच आहे."

"पहिले सामान तरी उतरवा."

"अर्ध्या तासाचं काम आहे, त्याला दोन तास सामान काढू?"

तिला अजून बोलायचं होतं, पण सणाच्या दिवशी वाईट बोलू नये म्हणून ती परत आत गेली. देवदत्त डेपोशी फोनवर भांडत जिन्याने वर गेला.

एक गोष्ट गुणवंतरावांनी आपल्या मते पक्की केली. गाडीची चावी त्यांनी स्वतःच्या शर्टाच्या खिशात टाकली. चावी आपल्या खिशात म्हणजे गाडी आपल्या मुठीत, ही त्यांची जन्माची सवय होती. ह्या गाडीचं उलटं होतं. चावी आसपास असली की नुसतं दाराचं हँडल ओढायचं, दार उघडायचं आणि गाडी जागी व्हायची. देवदत्त रोज तसंच उघडायचा. काकांनी ते अनेकदा पाहिलं होतं, फक्त त्याचा अर्थ कधी लावला नव्हता.

डावी बाजू जॅकवर चढली. मागचं चाक निघालं. ते त्यांनी गाडीच्या पोटाखाली आडवं सरकवलं. फॅक्टरीत पहिल्या वर्षी एका उस्तादाने लावलेली शिस्त, हात आपोआप करायचा. मग ते पाठीवर आत सरकले. फाटलेलं बलून सुटलं, नवीन जागेवर आलं. वरचा नट लागला. खालची बैठक जुळवायला त्यांनी डावा हात आत घातला. विटांमधून थोडी माती त्यांच्या कानाजवळ पडली. कुठे काही आवाज नव्हता, आणि आवाज नाही म्हणून ते निर्धास्त होते.

तेव्हा त्यांना बांगड्या ऐकू आल्या. पुढे, ड्रायव्हरच्या दाराशी.

त्या दिवशी वाहनालाही हळदकुंकू लावतात. प्रमोदिनी सकाळपासून त्याचीच वाट बघत होती. मनातली भीती काही जाईना, तेव्हा तिने ठरवलं की आत्ताच लावून टाकू, माणूस खाली आहे तोवर देवाचं लक्ष राहील. तिने हँडल ओढलं. टिक् असा बारीक आवाज झाला. गुणवंतरावांच्या डोक्यावर कुठेतरी काहीतरी गुणगुणायला लागलं.

हे काय, असं त्यांच्या मनात आलं, आणि पाठोपाठ उजवीकडून श्श्श करत हवा सुटायला लागली. तेव्हा त्यांना सगळं एकदम कळलं. गाडी जागी झाली होती. आपण इतकं उंच चढलोय म्हणजे माल उतरला असणार, असं तिने धरलं आणि उजव्या बलूनमधली हवा सोडून ती खाली बसायला लागली. त्यांनी ओरडायला तोंड उघडलं. गाडी उजवीकडे झुकली, डावीकडचा जॅक तिरका झाला, विटा फुटल्या आणि सगळा भार खाली आला.

आडव्या ठेवलेल्या चाकाने गाडीचं पोट अडवलं, म्हणून छाती वाचली. हात वाचला नाही.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी डावा तळवा जमेल तसा जोडला आणि बोटं पूर्वीसारखी वळणार नाहीत हे स्पष्ट सांगितलं. भेटायला अर्धी रांझी आली. येईल त्याला प्रमोदिनी पलंगाशेजारी बसून एकच गोष्ट सांगायची. तिचा आवाज भरून यायचा.

"मी कुंकू लावून राहिले होते, बघा, अन् त्याच क्षणाला गाडी पडली. एक मिनिट उशीर झाला असता तर आज हे दिसले नसते. कुंकवानेच वाचवलं."

लोक गुणवंतरावांकडे बघायचे. ते म्हणायचे, "हो."

जन्मभर ह्या माणसाने कुठल्या बिघाडाचं कारण लपवलं नव्हतं. साहेबाची चूक असली तर साहेबाच्या तोंडावर सांगितली, आणि त्यापायी बढती घालवली. पण हे कारण सांगितलं तर प्रमोदिनी उरलेलं आयुष्य मनातल्या मनात ते दार उघडत राहील, हे त्यांना दिसत होतं. देवदत्तने विचारलं तेव्हाही ते म्हणाले, "जॅक सरकला. माझीच चूक." त्यात खोटं तसं काही नव्हतं. गाडी आपोआप हवा सोडते हे मात्र ते बोलले नाहीत, कारण मग पुढचा प्रश्न आला असता, तिला जागं कोणी केलं?

प्लास्टर घेऊन ते घरी आले. गाडी शेडमध्ये तशीच होती, माल तेवढा उतरवलेला. एका रविवारी देवदत्तने जबलपुरातल्याच गोरखपूर भागातल्या एका गॅरेजमधून सचिन नावाच्या मेकॅनिकला बोलावलं. सचिन नीट तयारीने आला. त्याने माल नसलेली गाडी उचलली, खाली चांगल्या घोड्या लावल्या आणि चावी बाजूच्या स्टुलावर ठेवून आत सरकला. खिडकीजवळच्या पलंगावरून गुणवंतरावांना त्याचे बूट तेवढे दिसत होते. एक घोडी जराशी तिरपी बसली होती. सांगावं का? चावी लांब ठेव म्हणावं, तर तो विचारेल, काहून? घोड्या आहेत, होईल सगळं ठीक, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

मग स्वयंपाकघरातून प्रमोदिनी आली. हातात हळदकुंकवाचं ताट, डोक्यावर पदर.

"बाहेरचं लेकरू आहे," ती म्हणाली. "त्याच्याही आईला कोणीतरी असंच सांगावं, की कुंकू लावलं होतं म्हणून वाचला." आणि ती पायऱ्या उतरून गाडीकडे निघाली.

गुणवंतराव उठायला गेले, प्लास्टर पलंगाच्या कडेला आपटलं. "प्रमोदिनी, दाराला हात लावू नको."

ती वळली. "काहून? त्या दिवशी मी लावलं म्हणून तर तुम्ही..."

"त्या दिवशी दार उघडल्यानेच पडली ती." पुढचं एका दमात बाहेर आलं. "दार उघडलं की ती जागी होते. हवा सोडते. माझ्याच खिशात चावी होती. तुला ठाऊक नव्हतं, मलाबी नव्हतं."

प्रमोदिनीने ताट तिथेच तुळशीच्या कट्ट्यावर ठेवलं. स्टुलावरची चावी उचलून फाटकाबाहेर रस्त्यापलीकडे नेली आणि तिथून हाक मारली, "सचिन भैया, पहले बाहर आ जाओ." तो बाहेर येईपर्यंत ती चावी मुठीत घट्ट धरून रस्त्यापलीकडेच उभी राहिली.

मग ती आत आली. पलंगाशी उभी राहून प्लास्टरकडे बघत तिने विचारलं, "दुखून राहिलं का?" हे ती दिवसातून कितीदा तरी विचारायची आणि उत्तर ऐकल्याशिवाय हलायची नाही. ह्या वेळी ते बोलायच्या आतच ती स्वयंपाकघरात निघून गेली.