पगडीचं दुसरं टोक

आमच्या सामाईक गॅलरीत शेजारचे सरदारजी पगडीच्या कापडाची घडी घालत होते. पाच-सहा मीटर लांब कापड. एक टोक त्यांच्या हातात, दुसरं कठड्याला बांधलेलं. महिन्याभरापूर्वीपर्यंत ते टोक त्यांची बायको, आमच्या भाभी, धरायच्या. आता भाभी नाहीत.

देवानं दिलेले केस कापायचे नाहीत, ते विंचरून त्यावर रोज नव्यानं पगडी बांधायची, हा त्यांचा धर्म. दुःखाच्या दिवसांतही त्यात खंड पडला नाही. देवाचं जे काही करायचं ते ज्याचं त्यानं, अशी माझी आपली समजूत. पूजेला बसले की मी दारसुद्धा लोटून घेते. इथं मात्र रोजच्या नेमाला दुसरं माणूस लागतं, आणि ते अमुकच धर्माचं असावं, असं काही त्या कापडाला वाटत नसावं.

मी उठले, कठड्याची गाठ सोडली आणि टोक हातात घेतलं. फाटेल या भीतीनं जरा हलकेच धरलं.

"ओढा ताई, जोरात ओढा," सरदारजी म्हणाले. "कठडा नुसता धरून ठेवतो. ओढत नाही, म्हणून तर महिनाभर घडी वाकडी येतेय."