विषय :- वगाच्या नावातील चिन्ह

साताऱ्यास कोर्टाच्या आवारात कडुनिंबाखाली माझे टेबल होते. शाळा सातवीनंतर सुटली, परंतु अर्ज कसा लिहावा हे मला कोणी शिकवावे अशी वेळ पुढे कधी आली नाही. उलट अनेक पदवीधरांनी माझ्या टेबलापुढे उभे राहून आपले मसुदे दुरुस्त करून घेतले. ज्या माणसाच्या एका चुकीच्या रेघेने अर्ज परत येऊ शकतो, त्याला चिन्हांची किंमत इतरांहून अधिक कळते, ही वस्तुस्थिती आहे. सांगलीच्या गुरुजींना आणि कुंडलच्या सुभेदारांना ती दोन वर्षे सांगूनही पटली नाही.

आम्ही तिघे तमाशाचे शौकीन. त्यातही गण-गवळणीनंतर जे संबंध नाट्य रंगते, त्या वगाचे. ओळख झाली म्हसवडच्या यात्रेत, एकाच कनातीत. नव्वद साल नुकतेच उलटले होते. जुने वग विसरले जात आहेत, तेव्हा पाहिलेल्या प्रत्येक वगाचे नाव, फड, कथानक आणि त्यात कोणी काय काम केले हे लिहून ठेवावे, असे ठरले. गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक असल्यामुळे त्यांनी त्याला 'वगकोश' हे भारदस्त नाव दिले. गावोगावचे शौकीन पोस्टकार्डावर माहिती पाठवत, आणि महिन्यातील एका रविवारी आम्ही गुरुजींच्या घरी सांगलीस जमून ती रजिस्टरांत उतरवत असू.

सर्व सुरळीत चालले असते. पण वगाला नावे दोन असतात. पहिले कानाला गोड, दुसरे गोष्टीचा अंदाज देणारे. 'उसातला वाघ' आणि त्याखाली 'सरपंचाची फजिती'. 'चांदीची जोडवी' आणि त्याखाली 'सवतीचा सूड'. या दोन नावांच्या मध्ये काय लिहावे, हा प्रश्न. गुरुजी 'अर्थात्' लिहीत, तेही त-चा पाय मोडून, आणि तो मोडला नाही तर त्यांना जेवण गोड लागत नसे. सुभेदार दुसरे नाव कंसात टाकत. पोस्टकार्डवाले तर नुसता स्वल्पविराम देऊन मोकळे होत. परिणामी सूचीत एकाच जोडव्यांचे तीन वग झाले होते, आणि एका शौकिनाने चौथा शोधल्याबद्दल आमचे अभिनंदन करणारे पत्र पाठवले होते.

मी प्रथम अत्यंत सौम्यपणे 'ऊर्फ' सुचवले. कोर्टाच्या कागदात एका इसमाची दोन नावे असली की हाच शब्द येतो आणि आजवर कोणी त्याला हरकत घेतलेली नाही.

सुभेदार मांडीवर थाप मारून हसले. "आवं, वगावर काय वॉरंट निघालंय व्हय? ऊर्फ म्हटलं की मला फरारी आरोपीच दिसतोय."

"मग कंसात टाकून काय, कोठडीत घातलं का त्याला?" मी म्हणालो.

"कंसात सुरक्षित असतंय. फौजेत नंबर कंसातच असतोय."

गुरुजींनी चष्मा पुसला. "तुम्हा दोघांनाही व्याकरणाचा स्पर्श झालेला नाही. फार तर अपूर्णविराम द्या, दोन टिंबांचा. पण 'अर्थात्' सर्वोत्तम."

"दोन टिंबे दिली तर वाघाच्या पुढे विसर्ग होतो, गुरुजी. 'उसातला वाघः'. लोक त्याला संस्कृत समजतील."

यावर गुरुजींनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला, आणि त्याचा मी जो अर्थ लावला तो संमतीचा होता. दोन टिंबांपुढे आडवी रेघ दिली की विसर्गाचा संशय उरत नाही. 'विषय :-', 'नाव :-', 'मुक्काम पोस्ट :-'. हे चिन्ह मी आयुष्यभर वापरले आहे. रजिस्टरे स्वच्छ नक्कल करण्यासाठी मी साताऱ्यास आणली आणि पावसाळाभर, कोर्टाला सुट्टी असेल त्या दिवशी, सगळ्या कोशातील 'अर्थात्', कंस आणि स्वल्पविराम काढून तेथे :- घातले. एकही जागा सोडली नाही. त्यानंतरच्या रविवारी गुरुजींनी पहिले पान उघडले आणि ते तसेच मिटले.

"हे काय केलंत?"

"सुसंगती," मी सांगितले.

"प्रत्येक वग पोलीस पाटलाच्या दाखल्यासारखा दिसतोय," ते म्हणाले, आणि चहा न घेताच आत गेले. सुभेदारांनी दोघांचा चहा संपवला.

मी तेव्हा ही निव्वळ असूया समजलो.

त्या हिवाळ्यात माझ्या टेबलापुढे एक म्हातारी बाई येऊन बसली. कपाळावर रुपयाएवढे कुंकू, पायात जाड चपला, आवाज मात्र शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा. 'चांदीची जोडवी' मधील थोरली सवत हीच. मी तिला तीन यात्रांत पाहिले होते, तरी टेबलाच्या शिस्तीप्रमाणे आधी नाव-गाव विचारले. म्हसवडजवळच्या एका वस्तीवर भाचीकडे ती राहत होती. वृद्ध कलावंतांना सरकारी मानधन मिळते असे तिला कोणी सांगितले होते. गुडघे गेले होते, भाचीच्या सासूचे बोलणे रोज वाढत होते, आणि स्वतंत्र खोली घेऊन राहायचे तर हे मानधन हाच एक मार्ग होता.

"पुरावा काय आहे, मावशी?"

तिने पदराच्या गाठीतून एक हँडबिल काढले. घड्यांवर झिजलेले. त्यावर फडाचे नाव होते, तिचे नाव होते, परंतु वगाचे नाव 'सवतीचा सूड' एवढेच. छापखानेवाल्याला जागा पुरली नसणार. आणि गावच्या सरपंचांनी दिलेल्या दाखल्यात लिहिले होते की बाईंनी 'चांदीची जोडवी' या वगात वर्षानुवर्षे काम केले.

"दोन्ही एकच हायती, दादा," ती म्हणाली. "पन त्या कचेरीतल्या पोराला कोन सांगनार? त्यानं तमाशा बघितलाय का कवा?"

मी मोठ्या समाधानाने सांगितले की याच कामासाठी आमचा कोश आहे. त्यातील नोंदीची नक्कल काढली, गुरुजींची निवृत्त मुख्याध्यापक म्हणून सही आणली, आणि अर्ज असा लिहिला की त्यात बोट ठेवायला जागा नव्हती. नकलेवर ठळक अक्षरांत होते, 'चांदीची जोडवी :- सवतीचा सूड'.

दीड महिन्याने अर्ज परत आला आणि तो घेऊन मावशी टेबलापुढे येऊन बसली. सोबत शेरा :- अर्जदाराच्या फडाचे नाव हँडबिलावर वेगळे असून कोशात 'चांदीची जोडवी' असे आहे. विसंगतीचा खुलासा महिनाअखेरच्या बैठकीपूर्वी करावा, अन्यथा प्रकरण निकाली काढण्यात येईल.

मी तो शेरा तीन वेळा वाचला. लिपिकाने :- च्या डावीकडील मजकूर फडाचे नाव धरला होता आणि उजवीकडील वगाचे. त्याचा दोष म्हणावा तर कोणता? जन्मभर त्याने जे कागद पाहिले, त्यांत या चिन्हाच्या डावीकडे एक गोष्ट असते आणि उजवीकडे दुसरी. दोन्हीकडे एकच गोष्ट कधीच नसते. ते कागद माझ्यासारख्यांनीच लिहिलेले असतात. मावशी समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होती.

"काय म्हनत्यात?"

"चिन्हाचा घोटाळा आहे."

"कुटल्या चिन्हाचा?"

मी तिला दोन टिंबे आणि रेघ दाखवली. तिने कागद उलटा-सुलटा करून पाहिला.

"ही दोन गोमाश्या अन् काडी?"

"तुमच्या फडात दोन नावांच्या मध्ये काय म्हणत?" मी जरा चिडूनच विचारले.

ती टेबलाला हात लावून उठली. आवारात वकील होते, पक्षकार होते, चहावाला होता. तिने खणखणीत आवाजात पुकारा केला, "चांदीचीऽ जोडवीऽऽ," मग माझ्या टेबलावर उलट्या हाताने दोन थापा अशा मारल्या की दौत हलली, "म्हंजीच, सवतीचा सूड!" आणि खाली बसली. "असं. मधी ढोलकी, मग म्हंजीच."

'म्हणजेच.' म्हणजेच 'अर्थात्'.

दुसऱ्या दिवशी एस.टी.ने मी सांगलीस गेलो. गुरुजींनी दारातच विचारले, "पाय मोडायचा की नाही?" मला कळले की सुभेदारांनी कुंडलहून टेलिफोन करून सारी हकिगत आधीच पोहोचवली आहे, ती त्यांना मीच आदल्या दिवशी कळवली होती. मी म्हणालो, "तुमच्या मनाप्रमाणे मोडा, पण आज सही द्या." त्यांनी पाय मोडला, सही दिली आणि वर तासभर विरामचिन्हांवर व्याख्यान दिले. मी ऐकून घेतले. नव्या नकलेत 'चांदीची जोडवी अर्थात् सवतीचा सूड, एकाच वगाची दोन नावे' असे लिहिले, कारण आता माझा कोणत्याही एका चिन्हावर विश्वास राहिला नव्हता. खुलासा बैठकीच्या दोन दिवस आधी मी स्वतः कचेरीत नेऊन दिला आणि पोच घेतली.

उन्हाळ्यात मावशी पुन्हा आली. तिच्याकडे एक पाकीट होते आणि ते तिने फोडलेही नव्हते.

"तुमीच वाचा. वाईट असंल तर हळू वाचा."

मानधन मंजूर झाले होते. पत्रात तिचे नाव, गाव, आणि त्याखाली लिहिले होते :- 'चांदीची जोडवी ऊर्फ सवतीचा सूड या वगातील प्रमुख भूमिका विचारात घेऊन'.

ऊर्फ. दोन वर्षांपूर्वी ज्या शब्दावरून सुभेदार मला हसले होते, तो सरकारी शिक्क्यासह माझ्या हातात होता. हे पत्र गुरुजींना आणि सुभेदारांना दाखवावे म्हणून मी नक्कल करण्यासाठी कागद ओढला. पण मावशीने पत्र माझ्या हातातून घेतले आणि घडी करून पदराच्या गाठीत, हँडबिलाशेजारी, बांधून टाकले.

"ऱ्हाऊ द्या, दादा. आता त्यात काय दुरुस्त करू नगा," ती म्हणाली, आणि खोली बघायला निघाली.