बाटलीवाली आत्या

पोटाच्या उजव्या बाजूला टाका पडलेलं माणूस भेटलं की आमची आत्या 'कसं हाय आता?' असं कधी विचारायची नाही. तिचा पहिला प्रश्न ठरलेला: "तुकडा कुठं हाय?" समोरचा गोंधळायचा. कसला तुकडा? आतड्याचा. तुझ्या पोटातून काढला ना, मग तो तुझा आहे, कुठं ठेवला डॉक्टरनं? लग्नाच्या पंगतीत, एसटीत, पिठाच्या गिरणीवर, कुठंही हाच धोशा. अर्धा तालुका तिला बाटलीवाली म्हणायचा. परगावच्या माणसाला वाटायचं, बाई पीत असेल. तिचं पिणाऱ्यांशी काही वाकडं नव्हतं. तिचं वैर एकाच माणसाशी होतं, आणि ते आता मी चालवते, हे आधीच सांगून टाकते.

तो माणूस म्हणजे आमच्या तालुक्याच्या गावातला डॉक्टर. नाव घेत नाही. घेतलं तर चूळ भरावी लागेल.

आत्या अंबाजोगाईला मेडिकल कॉलेजच्या प्रयोगशाळेत अटेंडंट होती. ऑपरेशनमध्ये काढलेले तुकडे तिथं बाटल्यांतून यायचे. तिथल्या मॅडम ते तपासायच्या आणि खरंच सडलेलं होतं की चांगलं होतं, ते कागदावर लिहायच्या. बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायचं काम आत्याचं. आणि नेमका या बाईचाच तुकडा गायब झाला. चौदा एप्रिलच्या जयंतीला गावी आली होती. दोन दिवस बुंदी आणि वांग्याची भाजी खाऊन तिसऱ्या दिवशी पोट धरून बसली. माझ्या वडिलांनी घाबरून तालुक्याला याच डॉक्टरकडं नेलं. त्यानं पोट दाबलं, 'फुटायला आलंय' म्हणाला आणि संध्याकाळच्या आत ॲपेंडिक्स काढून मोकळा झाला. शुद्धीवर आल्या आल्या आत्यानं तुकडा मागितला. कचऱ्यात गेला म्हणे.

त्यावरही ती गप्प बसली नसतीच, पण पुढं जे झालं त्यानं ती पेटली. टाके काढल्यावर ताप आला, डॉक्टरनं एकामागून एक अँटिबायोटिकचा मारा केला आणि आत्याला हगवण लागली ती दीड महिना. पेजसुद्धा पोटात ठरेना. शेवटी तिच्याच मॅडमनी तिला भरती करून घेतलं आणि समजावलं. औषधांनी वाईट जिवाणूंबरोबर पोटातले चांगले जिवाणूही मारले होते. त्या चांगल्या जिवाणूंचा थोडा साठा ॲपेंडिक्समध्ये सुखरूप राहतो आणि आतडं धुऊन निघालं की तिथून ते पुन्हा पसरतात, असं काही संशोधकांना वाटतं. पण पक्कं काही नाही. ॲपेंडिक्स काढलेली कितीतरी माणसं ठणठणीत असतात, आणि ते सडलं असेल तर काढावंच लागतं.

मॅडमच्या या बोलण्याचं शेपूट आत्यानं तिथंच छाटलं. 'वाटतं' गेलं, 'पक्कं नाही' गेलं. उरलं ते तिनं वस्तीतल्या बायांना सांगितलं. "दही लावताना जरासं विरजण वाटीत बाजूला ठिवतो का न्हाई आपण? गाडगं नासलं तर त्या वाटीवर पुन्हा दही लागतंय. ह्या माणसानं माजी वाटीच फोडली." विज्ञान इतकं सरळ नसतं, मला कळतं. पण आपल्या पोटातून जे गेलं ते कामाचं काहीतरी होतं, हे बायांना पहिल्यांदा समजलं.

कारण पुष्कळ जणींचं गेलं होतं. दसरा झाला की आमच्याकडच्या बाया ऊसतोडीला निघतात. त्याआधी जरा कुणाचं पोट दुखलं की हा सांगायचा, सहा महिने फडात राहणार, तिथं फुटलं तर कोण बघेल, आत्ताच काढून जा. मुकादमालाही ते पटायचं, मधेच आजारी पडणारी बाई त्याला नकोच असायची. आत्यानं फर्मान काढलं, काढू द्या, पण तुकडा मागून आणा, मी तपासून घेते. पहिल्या बाईनं भांडून तुकडा मिळवला आणि कैऱ्या मुरवतात तसा बरणीत मिठाच्या पाण्यात घालून ठेवला. आठ दिवसांनी आत्या ती बरणी मांडीवर घेऊन एसटीत बसली. धारूरच्या घाटात वास सुटला आणि प्रवाशांनी तिला बरणीसकट खाली उतरायला लावलं.

मग तिनं मॅडमना विचारून फॉर्मालिनच्या, घट्ट बुचाच्या छोट्या बाटल्या आणल्या. पोट दुखलं की बाटली घेऊनच दवाखान्यात जायचं, असा दंडक पडला. आणि काय सांगू, बाटली दिसली की त्या डॉक्टरला ॲपेंडिक्स सापडेचना! गॅस आहे म्हणायचा, गोळ्या द्यायचा आणि बाया बऱ्या व्हायच्या. त्या हंगामात वस्तीतल्या एकाही बाईला टाका पडला नाही. आत्या हसून हसून बेजार, मीही तिच्यासोबत. विहारात भन्तेजींनी एकदा तिला हळूच सुचवलं की बाई, एवढं वैर बरं नव्हे. ती म्हणाली, "वैर न्हाई भन्तेजी, तपासणी हाय."

आणि मग माझं पोट दुखलं. मी तेव्हा बारावीला होते. बेंबीपाशी सुरू झालेली कळ उजवीकडं खाली उतरली, उलट्या झाल्या, ताप चढला. आत्या अंबाजोगाईला होती. वडील मला तालुक्याला त्याच्याकडंच घेऊन गेले आणि तिच्या शिस्तीप्रमाणं त्यांनी बाटली टेबलावर ठेवली. त्यानं आधी बाटलीकडं बघितलं, मग माझं पोट दाबलं. मी किंचाळले. तो म्हणाला, गॅस आहे. दोन दिवसांनी ते आत फुटलं. वडिलांनी जीपमध्ये घालून अंबाजोगाईला नेलं, म्हणून आज हे लिहायला जिवंत आहे.

आत्यानं वॉर्डातच बसून तक्रार लिहिली आणि जिल्ह्याला पाठवली. चार दिवसांनी तो सफरचंदांची पिशवी घेऊन हजर. मी डोळे मिटून पडले होते, पण सगळं ऐकत होते.

"बाई, तुमचं तेव्हा चांगलंच होतं, मान्य करतो," तो हळू आवाजात म्हणाला. "पण पोरीचं मी तुमच्या बाटलीला भिऊन सोडलं. आता आपण दोघं सारखेच. तक्रार मागं घ्या."

नऊ वर्षं आत्या या एका कबुलीसाठी झुरली होती. मिळाली, ती अशी. आत्या म्हणाली, "हेच चार माणसांत बोला. मग बगू." तो निघून गेला. चौकशीत त्यानं हात वर केले, आपण असं बोललोच नाही, पोरगी तापात होती. कागद फाइलीत गेला.

माझंही पोट औषधांनी वाहत होतं. आत्या वाटीवाटीनं ताक पाजायची आणि डोळ्यांतून पाणी काढायची. "तुजी वाटी माज्यामुळं गेली," म्हणायची. माझं सडलेलंच होतं, ते जायलाच हवं होतं, वेळेवर गेलं नाही तो दोष तुझा नव्हे, हे सांगून मी थकले. तिला ते कधीच पटलं नाही. पुढं बाटली देताना ती आधी बजावायची की कळ खाली उतरली आणि ताप आला तर बाटली गेली खड्ड्यात, सरळ अंबाजोगाई गाठा. पण त्यानं चार माणसांत बोलावं, ही तिची आस काही सुटली नाही. मला सारखी म्हणायची, मी मरायच्या आत बोलला पाहिजे. नाही बोलला. मागच्या वर्षी भर दुपारी छातीत कळ आली आणि ती गेली.

पुण्यानुमोदनाला विहारापुढचा मंडप भरून गेला होता. गेलेल्या माणसाविषयी माईकवर दोन शब्द बोलायची आमच्यात रीत आहे. आणि हा आला! त्याला जिल्हा परिषदेला उभं राहायचं होतं, वस्तीतली मतं हवी होती. पांढरा सदरा, हातात फुलं. नाव पुकारल्यावर तो माईकपाशी गेला आणि म्हणाला की आत्याबाई मला मोठ्या बहिणीसारख्या होत्या. माझं डोकं सणकलं. वडिलांनी माझा हात धरून ठेवला होता, तो सोडवून मी उभी राहिले.

"डॉक्टर, वॉर्डात तिला जे बोललात ते इथं बोला. तिचं ॲपेंडिक्स कसं होतं?"

तो हसला. मंडपात दुसरं कुणी हसलं नाही. जुनी गोष्ट आहे ताई, म्हणाला. मी बसले नाही. भन्तेजी खाली बघत राहिले. एका मेलेल्या बाईपुरतं कबूल केलं तर उलट मोठेपणाच मिळेल, असा त्यानं हिशेब केला असावा. त्यानं घसा खाकरला आणि कर्ण्यातून आवाज आला, "चांगलं होतं."

वडील हुंदके द्यायला लागले. इतक्यात बायांच्या बाजूला, मागच्या रांगेतून एक म्हातारी उठली. तिनं पदर सावरला.

"आन् माजं, डॉक्टर?"

तिच्या शेजारची उठली. मग तिच्या पलीकडची. तो माईक ठेवायला वळला.

"थांबा डॉक्टर," मी म्हणाले. "अजून लई जणी हायत."