कोपऱ्यातला माग

मी वाचायला शिकलो ते कामगारांच्या पत्रकांवर. त्यामुळे वडिलांचा डबा घेऊन कारखान्यात गेलो की मला अन्याय आधी दिसायचा, माणसं नंतर.

वरच्या मजल्यावर टॉवेलचे पाच यंत्रमाग होते. चार जमिनीला बोल्टने जखडलेले. पाचवा कोपऱ्यात, टायरच्या तुकड्यांवर. जॉबरने, म्हणजे माग लावणाऱ्याने, तो तसा बसवला होता. चौघे विणकर निवांत उभे असायचे. कोपऱ्यातला माग वेड्यासारखा डोलायचा आणि त्यावर माझे वडील होते. त्यांच्या हातांची थरथर आता घरीही थांबत नव्हती.

मी पत्रक लिहिलं : माग हटवा, माणूस वाचवा. चौघांनीही सह्या केल्या. शेठने ते शांतपणे वाचलं आणि त्याच दुपारी माग भंगारवाल्याकडे टाकला.

"आता बापाला कुटं उभा करू? तुझ्या पत्रकावर?" शेठ मला म्हणाले, आणि वडिलांना घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी मजला हलू लागला. चार मागांचे ठोके मजल्याच्या स्वतःच्या झोक्याशी जुळत होते. आजवर कोपऱ्यातला माग त्याच ठेक्यात, पण उलट्या दिशेने डोलून सगळ्यांचा हादरा स्वतःवर घेत होता. त्यातला बराचसा हादरा खालचे टायर जिरवायचे. हात लावला तर कोमट लागायचे. हे जॉबरने मला नंतर सांगितलं.

"आधी का नाही सांगितलंत?"

"तू इचारलंस व्हय? तू तर छापूनच आणलंस की."

ताण्याचे धागे पटापट तुटू लागले, भिंतींचा गिलावा पडू लागला. चौथ्या दिवशी चौघे आमच्या घरी आले. माग भंगारातून आणून परत बसवायचा होता. त्यावर वडील हवे होते.

"पाळीपाळीनं उभे राहा," मी म्हणालो.

चौघांतला वडिलांचा सगळ्यात जुना सोबती बशीत चहा ओतत होता. "दादाचे हात गेलेच हायत," तो म्हणाला. "आता नव्या कुणाचे कशाला घालवायचे?"

शेठला राजीखुशीचा लेखी अर्ज हवा होता. वडिलांनी कागद माझ्यापुढे सरकवला. मी नकार दिला.

"तत्त्व तुझं हाय, ठाव हाय मला," ते म्हणाले. "हात माजे हायत. लिही."

मी लिहिलं. चौघांनी सह्या केल्या. वडिलांना पेन धरता येईना, म्हणून अंगठा घ्यायचं ठरलं. तो थरथरत होता. ठसा नीट उठावा म्हणून मी माझ्या दोन्ही हातांनी तो कागदावर दाबून धरला.