अकराला जाणारं चित्र

तासगावात दीपमालाला आता सगळे छत्रीवाल्या वहिनी म्हणतात. घरावरच्या डिश अँटेनाला इकडं छत्रीच म्हणतात, आणि या गावात छत्रीवाला म्हटलं की तिचा नवरा बिरदेव, असं आधी दहा वर्षं होतं. बिरदेव जतकडचा. घरची मेंढरं भावांच्या हवाली करून तो तासगावात आला, एका दुकानात टीव्हीची कामं शिकला आणि पुढं स्वतःचं दुकान टाकलं. हात इतका सरावलेला की छत्री फिरवताना टीव्हीकडं बघायची त्याला गरज पडत नसे.

एका पावसाळ्यात शेवाळलेल्या स्लॅबवरून त्याचा पाय घसरला. कंबरेचं हाड मोडलं. सांगलीच्या दवाखान्यात दोन महिने काढून तो घरी आला तो काठी घेऊन. घरातल्या घरात चालायचा, पण शिडी संपली होती. त्याहून वाईट म्हणजे त्याचं बोलणं संपलं. फोन वाजला तरी उचलायचा नाही. भिंतीकडं तोंड करून पडून राहायचा. दीपमालानं विचारलं तर ‘व्हय’ किंवा ‘न्हाई’, तेवढंच.

फोन मात्र वाजत राहिला. एक दिवस तिनंच तो उचलला आणि त्याची पिशवी खांद्याला लावून निघाली. दुकानात बसून तिनं पुष्कळ पाहिलं होतं. वायरला पिन लावणं, बॉक्सवर चॅनेल शोधणं तिला येत होतं. द्राक्षबागेतल्या औषधांच्या फवाऱ्यानं इथल्या पिना हिरव्या पडतात, हेही ठाऊक होतं. उरलेलं ती चुकत चुकत शिकली. दारात उभी राहिली की लोक तिच्या मागं बघायचे आणि विचारायचे, “कारागीर कुठं हाय?”

संध्याकाळी घरी आल्यावर ती दिवसभरातलं काम बिरदेवला सांगायची. तो ऐकायचा की नाही, कळायचं नाही.

मार्चचा मध्य होता. बेदाण्याच्या शेडवर सगळा गाव राबत होता. गावाबाहेरच्या एका वस्तीवरून भामाबाईचा फोन आला. सत्तरीची बाई. यंदा गुडघ्यांनी दगा दिला म्हणून ती पहिल्यांदाच सुगीत घरी बसली होती, आणि रोज अकराला टीव्हीवरचं कीर्तन ऐकणं एवढीच तिची करमणूक होती.

दीपमाला दुपारी पोचली तेव्हा टीव्ही झकास चालू होता.

“आता चालतोय गं,” भामाबाई म्हणाली. “पर रोज अकराच्या पुढं कीर्तन रंगात आलं की चित्र फुटतंय, मग जातंय. धा मिनिटांनी आपसूक येतंय. तीन दिस झालं.”

“कुणाला दावलं हुतं का, मावशी?”

“दावलं की. काल एकजण येऊन वरचा, छत्रीफुडचा डबा बदलून गेला. आज परत गेलं. तर म्हणला, ह्यो शेवगा आड येतोय, तोडा. पोरगं उद्या सांच्याला करवत आणणार हाय.”

अंगणातला शेवगा शेंगांनी लगडला होता. दीपमाला गच्चीवर गेली. छत्रीचा बोल्ट घट्ट होता, पिना कोऱ्या होत्या, वायरला कुठं चीर नव्हती. शेवगा आग्नेयेलाच होता खरा, पण छत्री बघत होती त्याच्या पार वरून. आणि आड येणारं झाड दिवसभर आड येईल. दहा मिनिटंच कसं येईल?

“मावशी, मला काय सापडलं न्हाई,” ती खाली येऊन म्हणाली. हे म्हणताना तिला लाज वाटली. “पर उद्या अकराच्या आधी मी हितं येऊन बसते. तवर झाडाला हात लावू देऊ नका.”

तिला वाटलं, म्हातारी दुसऱ्या कुणाला बोलावील. भामाबाई म्हणाली, “ये की. भाकरी हितंच खा.”

दुसऱ्या दिवशी दहालाच दीपमाला गच्चीवर बसली. छत्रीच्या वायरला सिग्नल दाखवणारा छोटा मीटर जोडलेला. अकरा वाजले. काटा जागेवर. पाच मिनिटं गेली, आणि काटा थरथरायला लागला. छत्रीला कुणी हात लावला नव्हता, वारं नव्हतं. काटा हळूहळू खाली आला आणि खालून भामाबाईचा आवाज आला, “गेलं बग.”

काय करावं सुचेना म्हणून दीपमालानं घरी फोन लावला. बिरदेव उचलणार नाही हे माहीत होतं. पहिल्यांदा उचलला नाही. दुसऱ्यांदा लावला.

“काय झालं?” तो म्हणाला. तीही वरून पडली, असंच त्याला वाटलं होतं. नंतर त्यानं तसं सांगितलं.

“मी बरी हाय. आवं, ऐका.” तिनं भराभर सगळं सांगितलं.

बिरदेवनं विचारलं, “छत्रीवर ऊन कसं पडलंय?”

ती बघायला लागली. “सगळी चमक एका जागी आलीय. डब्याच्या तोंडावर. डोळ्याला बगवंना.”

“तिकडं बगू नगंस. छत्री जिकडं बगतीय, तिकडंच सूर्य आलाय.” त्याचा आवाज चढला होता. “उपग्रहाच्या बरोबर मागं. सूर्यापुढं त्याचा सिग्नल टिकत न्हाई. वर्साला दोनदा, मार्चात आन सप्टेंबराच्या सरत्याला, थोडं दिस असं हुतंय. मी काम शिकलो त्या दुकानाचा मास्तर सांगायचा. ह्या वक्ताला समदी रानात, कुणाच्या ध्येनात येत न्हाई. आता काटा बग.”

काटा थरथरत वर येत होता. “आला,” ती म्हणाली.

“मग काय बी हलवू नगं. बिघाडच न्हाई तर दुरुस्त काय करतीस?” आणि बिरदेव हसला. पडल्यापासून पहिल्यांदाच.

दीपमाला तिथंच कठड्याला टेकून बसली. डोळे पुसले. मग खाली जाऊन तिनं भामाबाईला सांगितलं, “मावशी, काय बी बिघडलं न्हाई. सूर्य आड येतोय. चार-पाच दिसांत आपसूक बाजूला हुईल. झाड तोडू नका.”

“हे तुला कुणी सांगितलं?”

“आमच्या घरच्यांनी. अंथरुणावरनं.”

“बरं,” म्हातारी म्हणाली. “बगू चार दिस.”

पाचव्या दिवशी कीर्तन अखेरपर्यंत न तुटता लागलं. त्याच दुपारी भामाबाई लेकाच्या गाडीवर बसून तासगावात आली, दुखरे गुडघे घेऊन, घर विचारत विचारत. हातात बेदाण्याची पिशवी होती.

“अंथरुणावरनं सूर्य वळखणारा मानूस बगायचा हाय,” ती दारातूनच म्हणाली.

बिरदेव काठी धरून उठला, तिला खुर्ची दिली आणि तासभर बोलत बसला. दीपमाला आत चहाचं आधण ठेवून ते ऐकत होती. चहा उतू गेला.

त्या दिवसापासून दुकानाचा फोन बिरदेव उचलतो. निम्मे बिघाड तो फोनवरच काढून देतो, बाकीच्यांसाठी दीपमाला शिडी चढते आणि अडलं की वरून त्याला विचारते. भामाबाईनं वस्तीवस्तीवर सांगून तिला इतकी कामं मिळवून दिली, की कारागीर कुठं आहे हे आता कुणी विचारत नाही. दीपमाला मात्र म्हणते, कामाचं राहू द्या. म्हातारीनं एक दिवस थांबायची तयारी दाखवली, म्हणून माझं माणूस मला परत मिळालं.