अहो, तो रडतोय

बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावर एक काका राहतात. कुणी स्कूटर वाकडी लावली की म्हणतात, "छान. आता विमानही आणा." हसणं मात्र गडगडाटी, विनोदी सिनेमा असला की सगळ्यांच्या आधी तेच हसणार.

यंदा गणपतीत आयटीतल्या पोरांनी प्रोजेक्टर आणून पार्किंगमध्ये तसलाच एक सिनेमा लावला. त्यातला विनोदी नट आईला अग्नी देऊन घरी येतो आणि सवयीने दोन कपांत चहा ओततो. आम्हीही सवयीने हसलो.

मागून त्यांचा आवाज आला, "अहो, तो रडतोय."

पुढचा विनोद आला तरी कुणी हसेना. सगळे मागे वळून त्यांच्याकडेच बघत होते. त्यांनी डोळे पुसले आणि ते गडगडाटी हसले. मग कुठे आम्ही हसलो.